काठावर ठेवलेला पूल

आमच्याकडे आधी पूल झाला,
मग शहर.
बाकीच्या गावांचं उलटं असतं, मला ठाऊक आहे:
माणसं वसतात, दोन-तीनशे वर्षं नावाड्याशी घासाघीस करतात,
मग कुणाला तरी पुलाची बुद्धी होते.
इथे नुसतं पाइनचं रान होतं, डास होते,
आणि ओब नदी,
जी एवढ्याच जागी जरा कंबर आवळते.
तळाला खडक लागला.
तेवढ्यावरून नोवोसिबिर्स्कचं ठरलं,
नाव मात्र फार नंतर.

पणजी अग्राफेना रियाझानहून आली
मजुरांच्या खानावळीत कोबी चिरायला.
पणजोबा येव्हसेय नदीच्या पोटात उतरायचा,
लोखंडी पेटीत, दाबलेल्या हवेत,
वर पाणी, खाली खडक, मध्ये एक कंदील.
वर आला की कानातून रक्त.
दुसऱ्या हिवाळ्यात त्याला ऐकू येईनासं झालं.
मग ती त्याला हाक मारायची नाही,
मागून येऊन खांद्यावर हात ठेवायची.
आमच्या घरात अजूनही
कुणी कुणाला हाक मारत नाही.

पहिली गाडी गेली. पाद्र्याने पाणी शिंपडलं.
इंजिनाला तहान लागली म्हणून गाडी थांबली,
गाडी थांबली म्हणून समोवार आला,
समोवारापाशी बाकडं, बाकड्यापाशी बाजार,
बाजारात भांडण, म्हणून पोलीस,
आणि पोलीस आले म्हटल्यावर
आता हे शहर नाही असं कोण म्हणणार?
रूळ ज्याला वळसा घालून गेले
त्या कोलिव्हानचे व्यापारी घसरगाड्यांवर दुकानं लादून आले.
एकाने चौकट आणली, दारासकट.
भिंती इथेच मिळतील म्हणाला.

पण पुलावरून माणसाने चालायचं नाही.
गाड्या जायच्या; माणसं काठावर उभी राहून बघायची.
उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फ,
आणि मधले ते कुजके आठवडे,
बर्फ धड धरत नाही, होडी धड चालत नाही,
तेव्हा दोन्ही काठ एकमेकांचे फक्त दिवे बघत.

आजी झिनाईदा मात्र चालली.
युद्धात तिला पुलाच्या पहाऱ्यावर घेतलं,
बंदूक तिच्या खांद्यापेक्षा उंच.
पश्चिमेकडून कारखाने आले, ताडपत्रीखाली, तेलानं माखलेले,
मागच्या डब्यांत त्यांचे कामगार,
एकीच्या मांडीवर भिंतीवरचं घड्याळ, चालू.
तेच यंत्र काठावर उतरायचं, डोक्यावर छप्पर येण्याआधी फिरायला लागायचं.
जी गाडी आली ती आजी वहीत टिपायची.
उलट दिशेने मुलं जायची, दारात पाय सोडून बसलेली,
तिला बघून शिट्ट्या मारणारी.
त्यांचेही डबे तिने टिपले.
चार वर्षांनी ती पानं तिने जुळवायला घेतली
आणि तशीच चुलीत घातली.

नंतर चालायचे पूल झाले, मेट्रोचा झाला,
दहा लाखांवर माणसं झाली,
घाईत असलेली, पुलाकडे न बघणारी.
जुनं लोखंड थकलं तेव्हा त्याच्या कमानी एकेक उतरवल्या.
एक तेवढी धुऊन-पुसून काठावर ठेवली,
दगडी पायांवर, पाण्याला समांतर.
तिच्याखाली आता फरसबंदी,
सायकली, लग्नातले फोटो.

रविवारी भाच्याला घेऊन गेले.
तिमोफेय सात वर्षांचा आहे.
त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं, मग विचारलं,
"याच्याखालची नदी कुठे गेली?"

मला सांगता आलं असतं काहीतरी.
नदी पन्नास पावलांवर होती, चकाकत.
पण वाऱ्यात माझं त्याला ऐकू गेलं नसतं,
म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला
आणि तिकडे वळवला.